नवमीची भरती

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी हाच हिशेब करत आले. ठाण्याच्या खाडीत पार आत, भांडुप-ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढा वर धरायचा. आईला हे तिच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीनं शिकवलं होतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या खुणा निळ्या असत आणि रविवारच्या चौकटीत लाल पेनानं भरतीची वेळ लिहिलेली असे.

उधाण असलं की पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत येतं. सगळा चिखल बुडतो. चिखलावर पांगलेले पक्षी पाण्यापुढं सरकत सरकत काठापाशी येतात आणि मग उठून मिठागराच्या बांधांवर दाटीनं उभे राहतात. बघणाऱ्याला तीच वेळ. अष्टमी-नवमीला भांग असतो. तेव्हा पाणी अर्ध्यावरच थांबतं, चिखल उघडाच राहतो आणि पक्षी लांब, जिथं असतात तिथंच राहतात. आई म्हणायची, भांगाला खाडीवर जायचं ते पक्षी बघायला नाही, नुसतं जायचं म्हणून जायचं.

ठाण्याची खाडी म्हटलं की आता लोकांना रोहित पक्षी आठवतात. तो गुलाबी रंग वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येतो, बोटी निघतात, लहान मुलं बाबांच्या खांद्यावर बसून बघतात. त्यात वाईट काही नाही. मला स्वतःला रोहित आवडतात. नव्वदीच्या दशकात ते इथं मोठ्या संख्येनं यायला लागले आणि त्यांच्यामुळंच 2015 मध्ये ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली 1,690 हेक्टर खाडी अभयारण्य झाली. पण रोहितांचे मोठे थवे यायचे ते दिवाळी उलटून गेल्यावर. आईचा मोसम त्याच्या कितीतरी आधी, भाद्रपदात सुरू व्हायचा. पाऊस अजून पुरता गेलेला नसतो, पूर्व द्रुतगती मार्गावरून भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडं उतरणारा रस्ता चिखलानं भरलेला असतो, मारांडीच्या काटेरी पानांवर पाणी साचलेलं असतं, आणि सांडपाण्याचा वास सगळ्यात आधी भेटतो. त्या दिवसांत खाडीवर जे येतात ते पक्षी कुणाच्या नजरेत भरत नाहीत. भुरे, करडे, मुठीएवढे. तुताऱ्या, टिलवे, चिखले. शंभर पावलांवरून बघितलं तर चिखलच हलतोय असं वाटतं.

आई मुलुंडच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होती. शाळेतले वापरून उरलेले हजेरीपट रद्दीत जायचे, त्यातले कोरे ती घरी आणायची आणि त्यांत पक्षी लिहायची. डाव्या बाजूला मुलांच्या नावांच्या जागी पक्ष्यांची नावं, पुढं एकतीस रकाने. शाळेच्या पटात रविवारच्या रकान्यावर लाल रेघ मारलेली असते, बाकीचे दिवस भरलेले. आईच्या पटात फक्त रविवार भरलेला, बाकीचे सगळे दिवस कोरे. हजर असेल तर छोटी तिरकी रेघ, नसेल तर पूर्ण शून्य, कारण शाळेतही ती गैरहजेरीचं शून्य नीट गोल काढायची. काही नावं पुस्तकातली होती, सलीम अलींच्या किंवा मारुती चितमपल्लींच्या. काही तिनं स्वतः ठेवलेली. शेकाट्याला ती 'काडीपाय' लिहायची. जिला पक्षीनिरीक्षक कर्ल्यू सँडपायपर म्हणतात त्या तुतारीला तिनं 'बाकचोची' केलं होतं, आणि सगळ्या पटात तिचा जीव या बाकचोचीवर जास्त होता.

साठेक ग्रॅमचा पक्षी. चोच लांब, काळी, टोकाशी खाली वळलेली. सैबेरियाच्या उत्तर टोकाला, तैमिरसारख्या ठिकाणी, जिथं झाड उगवत नाही अशा जमिनीवर त्याची अंडी असतात. तिथून इथं यायला सहा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर. तिकडचा उन्हाळा इतका आखूड की सगळं घाईत उरकावं लागतं. नर अंड्यांवर बसतच नाही, जुलै लागतो न लागतो तोच निघून जातो. मादी एकटी अंडी उबवते, पिल्लं वाढवते. आणि मग पिल्लं पुरती तयार झाली की तीही निघते. पिल्लं मागं राहतात. काही आठवडे ती एकटीच चरतात, अंगावर चरबी धरतात, आणि मग एके दिवशी निघतात. वाट दाखवायला कुणी मोठं नसतं. जिथं जायचं ते ठिकाण त्यांनी पाहिलेलं नसतं. तरी ती येतात. ऑगस्टात खाडीवर उतरतात ते मोठे पक्षी, छातीवर विटकरी रंगाचे डाग राहिलेले. सप्टेंबर सरता सरता येतात ती पिल्लं.

ती ओळखायची कशी, हे आईनं मला शिकवलं. मोठ्यांची पिसं तोवर झिजलेली असतात, रंग विटलेला असतो. पिल्लांची पिसं सगळी एका वेळी उगवलेली, प्रत्येक पिसाला फिकट बारीक कड, आणि ती कड कुठंही फाटलेली नाही. छातीवर हलकी पिवळसर झाक. "नवा गणवेश घालून आलीत बघ पोरं," ती म्हणायची. दुर्बीण माझ्या हातात द्यायची आणि विचारायची, यात मोठी किती, पोरं किती? मी मोजायची. ती माझा आकडा तपासायची. शिक्षिकेची सवय.

पोरं किती हे तिला दर वर्षी कळायला हवं असायचं, आणि त्याचं कारण मोठं सुंदर आहे. तैमिरमध्ये लेमिंग नावाचे उंदराच्या जातीचे प्राणी असतात. काही वर्षी ते अमाप वाढतात, काही वर्षी जवळपास दिसेनासे होतात. लेमिंग भरपूर असले की ध्रुवीय कोल्हे त्यांच्यावरच पोट भरतात. लेमिंग नसले की कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यापिल्लांवर उतरतात, आणि त्या वर्षी बाकचोचीची पोरं फार थोडी वाचतात. म्हणजे सैबेरियातल्या उंदरांचं वर्ष कसं गेलं ते भांडुपच्या चिखलात वाचता येतं. हे तिनं कुठल्या तरी मासिकात वाचलं होतं आणि त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "काय सांगतेस!" आणि त्यांनी भात वाढून घेतला. पण तिला त्या गोष्टीचा आनंद अनेक वर्षं पुरला. कोरड्या वर्षी, म्हणजे थव्यात सगळेच झिजलेले मोठे पक्षी दिसले की, ती पटाच्या समासात लिहायची: कोल्ह्यांनी खाल्ली.

आईला उभं राहणं जमत होतं तोवर ती खाडीवर जात राहिली. पुढं पाय सुजायला लागले, दम लागायला लागला, पंपिंग स्टेशनपासूनची पायवाट तिला झेपेना. मग मी जायची आणि तिथून फोन करायची. ती खिडकीपाशी पट उघडून बसलेली असायची. मी नाव घ्यायची, ती रेघ मारायची. एखादं नाव मी घेतलं नाही तर ती थांबायची आणि विचारायची, "राखी चिखल्या नाही दिसला? नीट बघितलंस?" मी पुन्हा बघायची.

ती 2022 च्या आषाढात गेली. दहाव्याला कावळ्यानं लगेच शिवलं. आम्ही मागं सरून उभेसुद्धा राहिलो नव्हतो. नातेवाइकांना बरं वाटलं. कुणीतरी म्हणालं, तिचं काही राहिलं नव्हतं. कुणी म्हणालं, चांगल्या ठिकाणी गेली. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. तिचं बरंच राहिलं होतं. भाद्रपद राहिला होता. बाकचोच्या तिकडून निघायच्या होत्या.

आणि त्या वर्षी तर तिला सांगण्यासारख्या गोष्टी एकामागून एक येत गेल्या. ऑगस्टमध्ये ठाण्याची खाडी पाणथळांच्या जागतिक रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तराव्या वर्षी देशातली रामसर पाणथळं पंचाहत्तर झाली, त्यांत आपली खाडी. आई तिथं जायला लागली तेव्हा त्या रस्त्यावर 'इथं कचरा टाकू नये' एवढाच एक बोर्ड होता, आणि कचरा त्याच्याभोवतीच पडलेला असायचा. मग ऑक्टोबरमध्ये पट्टशेपटी पाणटिवळ्याची बातमी आली. अलास्कामध्ये उपग्रहाचं यंत्र लावलेला एक पक्षी समुद्रावरून कुठंही न उतरता टास्मानियाला पोचला. 13,560 किलोमीटर, अकरा दिवस. न खाता, न पिता. असल्या उड्डाणाआधी हे पक्षी अंगावर चरबीचा थर चढवतात आणि वजन वाचवावं म्हणून आपलं पोट-आतडीसुद्धा आक्रसून घेतात. पण आईला सांगायचं होतं ते हे नव्हे. तिला सांगायचं होतं की तो पक्षी जेमतेम पाच महिन्यांचा होता. त्याच उन्हाळ्यात अंड्यातून निघालेला. पोर होतं, आई, नव्या गणवेशातलं.

मी ती बातमी कापून ठेवली. कुठं ठेवायची ते कळेना, म्हणून पटात ठेवली, 2022 च्या भाद्रपदाच्या पानात, जिथं तिनं उन्हाळ्यातच नावं लिहून, रकाने आखून ठेवले होते. नाव आहे, तारीख आहे, रेघ नाही, शून्यही नाही.

सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. पितृपक्ष आणि खाडीवरच्या पक्ष्यांचं येणं हे एकाच पंधरवड्यात असतं, हे आम्हाला पूर्वीपासून माहीत होतं. आजोबांच्या तिथीला आई सकाळी स्वयंपाक करून, पान वाढून, दुपारी उधाणाची भरती गाठायला धावायची. सर्वपित्री अमावास्येला भर उन्हात मिठागरावर जी गर्दी असते, तशी वर्षात पुन्हा क्वचितच दिसते. पण नवमी म्हणजे भांग. आईची तिथी नेमकी ती निघाली.

वर्षश्राद्ध झाल्यानंतरच्या नवमीच्या आदल्या रात्री बाबांनी मला विचारलं, "उद्या किती वाजता आहे?"

मला वाटलं गुरुजींचं विचारतायत. म्हटलं, अकराला येणार आहेत.

"ते नाही. पाणी."

नऊची पाऊणपट. पावणेसात, आणि आतल्या खाडीसाठी वर थोडा वेळ. आम्ही अंधारातच निघालो. बाबा कारखान्यात होते, त्यांचा रविवार झोपेचा. ते आयुष्यात कधी आईबरोबर खाडीवर आले नव्हते आणि आईनं तसा आग्रहही कधी धरला नव्हता. त्या सकाळी चिखल लांबवर उघडा पडलेला होता, निवट्या उड्या मारत होत्या, पक्षी पार पलीकडं. मी त्यांना दुर्बीण दिली. त्यांना बराच वेळ काही सापडलं नाही. मग त्यांनी दुर्बीण खाली केली आणि विचारलं, "ती कुठं उभी राहायची?"

मी जागा दाखवली. ते तिथं जाऊन उभे राहिले. पुढं सवाष्ण जेवायला यायची होती, ओटीचं सामान काढायचं होतं, म्हणून आम्हाला लवकर परतावं लागलं.

आता खाडीबद्दल जे लिहायचंय ते सरळ लिहिते. चिखल कमी होतोय. खाडीत वरून माती येते, गाळ येतो, शहराचं सांडपाणी येतं, गाळ साचून उंच होतो आणि त्यावर तिवरं रुजतात. तिवरं वाढली याचा आनंदच व्हायला हवा. 26 जुलै 2005 च्या पुरानं मुंबईला तिवरांची किंमत शिकवली. उच्च न्यायालयानं त्यांना संरक्षण दिलं, राज्यात त्यांच्यासाठी वन विभागाचा वेगळा कक्ष झाला. हे सगळं फार मोलाचं आहे. पण बाकचोचीला झाड नको असतं. तिला ओला, उघडा, सपाट चिखल लागतो, जिथं ती चोच खुपसून किडे काढील आणि जिथून ससाणा येताना लांबून दिसेल. जिथं तिवर उभं राहिलं तिथं ती उतरत नाही. झाडासाठी माणसं एकत्र येतात, रोहितांसाठी येतात. चिखल वाचवा म्हणून अजून कुणी फलक धरलेला मी पाहिलेला नाही, आणि तो कुणीतरी धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट मिठागरांची. उधाणाच्या वेळी चिखल बुडाला की पक्ष्यांना टेकायला जागा लागते, ती मिठागरं देतात. चिखल हे जेवायचं ठिकाण, मिठागर हे विसाव्याचं. एक असून दुसरं नसलं तर पहिल्याचा उपयोग होत नाही. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडकडची सुमारे 256 एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी देण्याला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. घरं लागतात, हे मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत वाढलेल्या माझ्या बाबांना कुणी सांगायला नको. पण त्या चर्चेत एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं, शेजाऱ्यांकडून, ऑफिसातल्या भल्या माणसांकडून, की ते आता माझ्या कानातून जात नाही. पक्षीच ते, जातील कुठंतरी.

दक्षिण कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर सेमांगुम नावाची खाडी होती. पिवळ्या समुद्रातला विस्तीर्ण चिखल. सैबेरियाहून दक्षिणेकडं जाणारे आणि परतणारे लक्षावधी पक्षी तिथं पोट भरायला उतरत. तेहतीस किलोमीटरहून लांब भिंत बांधून 2006 च्या एप्रिलमध्ये ती समुद्रापासून तोडली. तेव्हाही हेच म्हटलं गेलं, की पक्षी शेजारच्या चिखलावर जातील. पक्षीनिरीक्षकांनी वर्षानुवर्षं जाऊन मोजलं. ग्रेट नॉट नावाची मोठी तुतारी तिथं फार मोठ्या संख्येनं थांबायची. ती शेजारच्या खाड्यांमध्ये तेवढी वाढली नाही. हिवाळ्यात जिथं जाते त्या ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मोजली, तिथं ती कमीच झालेली निघाली. शेजारचा चिखल आधीच भरलेला असतो. तिथलं खाणं तिथल्यांनाच जेमतेम पुरत असतं. सेमांगुमचे पक्षी कुठं गेले नाहीत. ते मेले.

मोजणी हे या कामातलं सगळ्यात नीरस काम, असं नवख्यांना वाटतं. ऑक्टोबरच्या उन्हात डोळ्यांत घाम उतरत असताना करड्या पक्ष्यांचा थवा दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी मोजायचा, तो उडाला की पुन्हा पहिल्यापासून. पण मोजलं नसतं तर सेमांगुमबद्दलचं ते सोयीचं वाक्य आजही खरं मानलं गेलं असतं. आईच्या जुन्या पटांमध्ये बाकचोचीच्या ओळीत आकडे नाहीत. 'पुष्कळ' असं आहे, 'मोजता येत नाहीत' असं आहे, एका ठिकाणी नुसतंच 'अबब'. आकडे पुढच्या पटांमध्ये सुरू होतात. आधी मला वाटायचं, ती हळूहळू शास्त्रशुद्ध होत गेली म्हणून. सगळे पट ओळीनं लावून बसले तेव्हा समजलं. आकडे आले, कारण पक्षी मोजता येण्याएवढे झाले. ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक लाल यादीत किनाऱ्यावरच्या स्थलांतरी पक्ष्यांच्या एकदम सोळा जाती धोक्याच्या आणखी वरच्या पायरीवर नेल्या, त्यांत बाकचोची आहे. 'असुरक्षित' हा शेरा तिच्यापुढं आला. राखी चिखल्यापुढंही तोच. आई फोनवर ज्याच्यासाठी अडून बसायची तो राखी चिखल्या.

2025 च्या दिवाळीआधी आणखी एक बातमी आली. बारीक चोचीचा कर्ल्यू अधिकृतपणे नामशेष म्हणून नोंदला गेला. हा आपल्या खाडीचा पक्षी नव्हे. तो सैबेरियाकडून भूमध्य समुद्राच्या बाजूला जायचा. मोरोक्कोत मेर्जा झेर्गा नावाचं किनाऱ्यावरचं राखीव पाणथळ आहे. तिथं 1995 च्या फेब्रुवारीत तो शेवटचा निःशंक दिसला. बघणाऱ्यांना आशा असेलच की पुढच्या शरदात पुन्हा येईल. त्यानंतर तीस वर्षं माणसं त्याला शोधत होती, देशोदेशी. शेवटचा ठरला तो पक्षी दिसला तेव्हा तो शेवटचा आहे हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. मी ही बातमी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी विचारलं, "राखीव होतं ना ते ठिकाण?" म्हटलं, हो. ते पुढं काही बोलले नाहीत.

गेली दोन वर्षं मी आईचे पट ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवतेय. जुन्या नोंदी तिथं घेतात, तारीख, ठिकाण आणि वेळ नक्की असली तर. आईची वेळ नेहमी नक्की असते, कारण रविवारच्या रकान्याखाली तिनं भरती लिहिलेली आहे. 'काडीपाय' म्हणजे शेकाट्या, 'काळपोट्या' म्हणजे कोण, असा एक एक उलगडा करत जावं लागतं. काही नावं मला माहीत आहेत. काहींसाठी तिचं पुस्तक उघडते, तर चित्राशेजारी पेन्सिलनं तेच नाव सापडतं. काही नावं मात्र कुठंच सापडत नाहीत. एरवी मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं असतं.

2005 च्या पटात, 16 ऑक्टोबर, रविवार, चतुर्दशी, भरती साडेदहा, शेवटच्या ओळीत नावाच्या जागी काहीच नाही. रकान्यात रेघ नाही, शून्य नाही. प्रश्नचिन्ह आहे. साऱ्या पटांत एवढंच एक. समासात बारीक अक्षरात: बाकचोच्यांबरोबर, त्यांच्याहून चांगलाच मोठा. चोच काळी, जवळजवळ सरळ, बुडाशी जाड. छातीवर काळे ठिपके, दाट, पण पुसट होत चाललेले. पाय हिरवट. पुस्तकात नाही. पन्नास पावलं, ऊन पाठीमागं.

तिच्या छोट्या पुस्तकात तो नव्हता. आज माझ्याकडं मोठी पुस्तकं आहेत. वर्णन सगळं ग्रेट नॉटचं आहे. आपल्या किनाऱ्यावर तो कधीमधी, एखाददुसरा येतो. सेमांगुमची भिंत पुरी व्हायला तेव्हा सहा महिने बाकी होते. आईनं पाहिलेला पक्षी तिकडून आला होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला काहीच आधार नाही. त्या रविवारी तो भांडुपच्या बांधावर उभा होता, एवढंच मला म्हणायचंय.

दुर्मीळ पक्ष्याची नोंद आपोआप अडते आणि कुणीतरी स्वयंसेवक ती तपासतो. त्यांचं पत्र आलं, फार सौम्य भाषेत. छायाचित्र आहे का, पाहणाऱ्या व्यक्तीशी बोलता येईल का, ओळख पटवताना इतर कोणत्या जातींचा विचार केला होता, आपण स्वतः हजर होता का.

मी उत्तर लिहिलं. छायाचित्र नाही. दुर्बीण आठ बाय चाळीसची. पाहणारी व्यक्ती हयात नाही. मी सोबत होते, पण मला तो पक्षी आठवत नाही. त्यांनी लिहिलेलं पान स्कॅन करून जोडलं आहे. त्या दर रविवारी याच जागी उभ्या राहून हेच पक्षी बघत आणि जे दिसलं नाही ते लिहीत नसत. वर्णन विश्वासार्ह आहे.